दंडातली कांडी

पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा शालन बाबरने तोंडाला पदर लावला आणि ती "अगं बाई!" म्हणाली. हिवरतळ गावची आशा म्हणून काम करताना बावीस वर्षांत तिने अशा पट्ट्या हजारभर तरी पाहिल्या असतील. कुठल्या बाईसमोर कुठला चेहरा करायचा हे तिला पाठ होतं. नवसाच्या रेघांना एक चेहरा, नकोशा रेघांना दुसरा. पण आज समोर तिची स्वतःची सून उभी होती आणि चेहरा करायचा होता आश्चर्याचा. तो जमला, जरा जास्तच जमला.

"आत्या, असं कसं होईल?" गौतमी न्हाणीच्या दारातच खाली बसली. त्या भागात सासूला आत्या म्हणायची रीत आहे. "माझी कांडी चालू हाय ना?"

शालनने पिशवीतून तपासणीचं यंत्र काढलं. जुन्या मोबाइलएवढं ते यंत्र तिने सुनेच्या डाव्या दंडाला टेकवलं. पडद्यावर हिरवी अक्षरं आली : चालू. शिल्लक आठ वर्षं. रक्त अकरा पूर्णांक चार.

"चालूच हाय की," शालन म्हणाली. मग गौतमीच्या डोळ्यांकडे न बघता, यंत्र पिशवीत घालता घालता तिने एक वाक्य टाकलं. "यंत्र हाय बाई. चुकतं एखाद्या वेळी."

यंत्र चुकलं नव्हतं, आणि ते शालनइतकं पक्कं साऱ्या तालुक्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. वड्याचं तेल वांग्यावर काढायला एवढंसं वाक्य पुरतं. ते बोलून झाल्यावर तिने सुनेसाठी लिंबू-सरबत केलं आणि साखर दोनदा घातली.

ही कांडी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. काडेपेटीतल्या काडीएवढी ती असते आणि दंडाच्या आतल्या बाजूला कातडीखाली बसवतात. तिच्या पोटात सुईच्या टोकाहून बारीक अशा हजारो खोबणी असतात. प्रत्येक खोबणीत औषधाचा एकेक कण, आणि वर झाकण म्हणून सोन्याचा पापुद्रा. रोज ठरल्या वेळी कांडी एका पापुद्र्याला विजेचा इवलासा झटका देते, पापुद्रा विरतो, औषध रक्तात उतरतं आणि त्या दिवशी बीज पिकत नाही. दहा वर्षं पुरेल एवढा साठा असतो. औषधाची मात्रा इतकी कमी की कांडी बंद केली तर तीन-चार आठवड्यांत शरीर पुन्हा आपल्या चालीवर येतं. शिवाय तिच्यात एक बारीक दिवा आहे. त्याच्या उजेडात ती रक्ताचा लालपणा मोजते, आणि पांढऱ्या पडत चाललेल्या बाईला चक्कर येण्याआधीच सावध करते. हिवरतळच्या बायकांना कांडीचा हा दुसरा गुण पहिल्यापेक्षा जास्त आवडला, कारण तो घरात उघडपणे सांगता येत होता. 'रक्ताची कांडी बसवलीया' म्हटलं की सासवाही गप्प बसत.

हिवरतळ हे गलाईवाल्यांचं गाव. इथले बाप्ये सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेले, आणि घरं सांभाळायला बायका. शालनचा नवरा आणि मुलगा धैर्यशील दोघेही केरळात त्रिचूरला असत. दंडात सोन्याचे पापुद्रे आहेत हे कळल्यावर बायकांनी हसून घेतलं होतं. आमच्या गड्यांनी जन्मभर दुसऱ्याचं सोनं गाळलं, आमच्या वाट्याला हे एवढं आलं, पण कामाचं आलं!

कांडी चालू-बंद करायची मुखत्यारी बाईची. त्यासाठी प्रत्येक कांडीची एक चावी असते, सदऱ्याच्या बटणाएवढी चकती. चावी यंत्रात बसवायची आणि यंत्र दंडाला टेकवून चाळीस सेकंद धरायचं, तेव्हा हुकूम बदलतो. चावी नसेल तर यंत्र नुसतं वाचतं. चाळीस सेकंद मुद्दाम ठेवली होती, चुकून काही होऊ नये आणि बाई झोपेत असताना कुणी काही करू नये म्हणून. कांडी बंद झाली तरी मोबाइलवर निरोप येत नाही, तोही बायकांच्याच मागणीवरून. निरोप आधी नवराच वाचतो, असं चाचणीच्या वेळी खेडोपाड्यांतल्या बायकांनी निक्षून सांगितलं होतं. करणारे हुशार लोक होते. त्यांनी चोर धरले, दारुडे धरले, संशयी नवरे धरले. एक माणूस तेवढं त्यांच्या हिशेबात आलं नाही, ज्याच्यासमोर बाई आपणहून दंड पुढे करते आणि दुसरीकडे बघत बसते.

चावी बाईने स्वतःजवळ ठेवावी असं प्रशिक्षणात दहादा सांगितलं होतं. शालननेही ते बायकांना दहादा सांगितलं. पण ठेवायची कुठे? ट्रंकेत ठेवली तर नणंद उचकटते, डब्यात ठेवली तर सासूच्या हाती लागते, गळ्यात घातली तर नवरा विचारतो. मग एकेक करून बायका शालनच्या घरी आल्या. "ताई, तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या." शालनने नको म्हटलं, मग बरं म्हटलं, आणि पुढे तिला त्याचं भूषण वाटू लागलं. मिसळणाच्या जुन्या डब्यात, जिथे पूर्वी हळद-जिरं असायचं तिथे आता त्रेसष्ट बायकांच्या चाव्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधलेली. लग्नानंतर पंधरा दिवसांत गौतमीनेही आपली चावी त्यात टाकली होती. "माझ्या घरात सासू हाय हो," असं म्हणून ती खळखळून हसली होती, आणि शालनही.

हे सगळं खरं होतं, म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते.

पौषातली गोष्ट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारची हौसाक्का चारचौघींत बोलली, "शालन, साऱ्या गावच्या सुनांची कुलपं-किल्ल्या करतीस. तुझ्या घरात पाळणा कवा हलायचा?" बायका हसल्या. शालनने हौसाक्काला तिथल्या तिथे सुनावलं की पाळणा कधी हलवायचा ते सून ठरवेल. बायकांनी माना डोलावल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

हौसाक्काचं बोलणं नुसतं निमित्त, असं मात्र कुणी समजू नये आणि तिच्या माथी तर काहीच मारू नये. खरी गोष्ट त्याच आठवड्यात आलेल्या एका पत्राची होती. गौतमीची प्रसविकेच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली होती. जूनपासून दीड वर्ष मिरजेला राहायचं, मग सरकारी नेमणूक, जिथे मिळेल तिथे. सुखरूप बाळंतपण करणारी शिकलेली बाई व्हायचं हे गौतमीने शालनला बघूनच ठरवलं होतं, तसं तिने अर्जात लिहिलंही होतं. शालनने गावभर पेढे वाटले. मग दुपारी घरात एकटी बसली असताना तिला तिचं पुढचं आयुष्य दिसलं. नवरा त्रिचूरला, मुलगा त्रिचूरला, सून मिरजेला, आणि ती या चार खोल्यांत दुसऱ्यांची बाळं मोजत बसलेली. तिला भीती वाटली. एक नातवंड असतं तर सून घर धरून राहिली असती, मुलगा वर्षातून दोनदा यायचा तो चारदा आला असता. शिकायला काय, मूल झाल्यावरही शिकता येतं. असं कितीतरी सासवांनी तिला आजवर ऐकवलं होतं आणि तिने त्यांना वेड्यात काढलं होतं.

महिन्याच्या तपासणीच्या दिवशी गौतमी खिडकीशी पुस्तक घेऊन बसली होती. "हात कर गं," शालन म्हणाली. गौतमीने पानावरची नजर न काढता दंड पुढे केला. एरवी वाचायला पाच सेकंद लागत.

"आज लई येळ लावतंय," गौतमी म्हणाली.

"बॅटरी उतरलीया."

चाळीस सेकंद फार मोठी असतात. तेवढ्यात शालनला हात मागे घेता आला असता. पंचविसाव्या सेकंदाला गौतमीने पान उलटण्यासाठी कोपर हलवलं तेव्हा शालनने यंत्र हलू नये म्हणून तिचा दंड हळूच धरला. 'भुलीत झालं' असं नंतर तिला स्वतःशीच म्हणायचं होतं, पण दंड धरलेला तो हात तिला तसं म्हणू देईना.

माघातल्या यात्रेला धैर्यशील पंधरा दिवस आला आणि गेला. त्यानंतरच्या तपासणीला शालनने पुन्हा चाळीस सेकंद घेतली आणि कांडी चालू करून ठेवली. पहिल्या वेळी मन घसरलं असं म्हणता येईल. दुसऱ्या वेळी मन चांगलं ताळ्यावर होतं.

दोन रेघांची बातमी कळल्यावर धैर्यशील फोनवर हर्षाने ओरडला. गौतमी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "आत्या, गरोदर बाईला मिरजेला घेत नाहीत. एकतीस मेपर्यंत कळवायचंय. काय करू?"

ही विचारणा गावातल्या कितीतरी बायकांनी शालनला केली होती. कायदा काय म्हणतो, किती आठवड्यांपर्यंत काय करता येतं, कुठे जायचं, कुणाची परवानगी लागत नाही, हे ती घडाघडा सांगत असे. आत्ताही तिने सांगितलं, पण पहिल्यांदाच तिला ते सांगताना अडखळायला झालं. शेवटी ती म्हणाली, "तुझं तू ठरव. तुझा निर्णय."

"तुम्ही हाय म्हणून बरं," गौतमी म्हणाली. "माझ्या मैत्रिणीच्या सासूनं एव्हाना ओटीच भरली असती."

शालनने मेथीची जुडी उचलली आणि ती आत निघून गेली. ओट्याशी उभी राहून तिने निवडलेली भाजी पुन्हा निवडली.

आता गावाचं ऐका. हिवरतळमध्ये गोष्ट लपत नाही. आशाताईच्या घरात, आशाताईच्या नजरेखाली, आशाताईच्या सुनेची कांडी फेल गेली! मग कुणी म्हणालं, बिघडलेल्या कांडीतलं सोनं रक्तात उतरतं. कुणी म्हणालं, मूल वाकडं निपजतं. दर मंगळवारी उपकेंद्रात कांडी काढायचा दिवस असे आणि महिना महिना तिथे कुणी फिरकत नसे. पहिल्या मंगळवारी चौघीजणी आल्या. दुसऱ्या मंगळवारी सातजणी. आरोग्य अधिकारी डॉक्टर नायकवडी बाई प्रत्येकीला समजावत आणि शेवटी हात टेकत, कारण कांडी ठेवायची की काढायची हाही बाईचाच हक्क. कांडी काढून गेलेल्यांपैकी एकजण तिसऱ्याच आठवड्यात शालनला म्हणाली, "आता ह्यास्नी काय सांगू ताई? गोळ्या घरात दडवता येत न्हाईत."

त्या बाईच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघताना आपण काय केलं आहे ते शालनला नीट समजलं. तोवर तिला वाटत होतं की आपण एका सुनेपुरताच गुन्हा केला. तिने बावीस वर्षं उंबरे झिजवून जे उभं केलं होतं ते तिच्या एका वाक्यानं पडत चाललं होतं. यंत्र हाय बाई, चुकतं.

गौतमीची कांडी डॉक्टरीणबाईंनी काढली आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवली. काढताना त्या म्हणाल्या, "बिघाड कुठे झाला ते कळेल. कांडी मुकी असते, पण वेंधळी नसते. कधी चालू झाली, कधी बंद, प्रत्येक हुकमाची तारीख आणि वेळ ती स्वतःच्या आतच लिहून ठेवते."

बावीस वर्षांच्या आशाला हे माहीत नव्हतं. कापसाचा बोळा हातात धरून ती उभी राहिली.

"अहवाल कवा येतोय?" तिने विचारलं.

"दोन-तीन आठवडे. जिची कांडी, तिलाच मिळेल. मीही तिला विचारल्याशिवाय कुणाला सांगू शकत नाही."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते शालनने पुढचे दिवस भोगलं. फोन वाजला की ती दचके. गौतमी नुसती "आत्या" म्हणाली तरी तिच्या हातातलं भांडं निसटे. रोज सकाळी ती ठरवी, आज सांगायचं. दूध तापवून सुनेपुढे ठेवी, समोर बसे आणि भलतंच काहीतरी बोले. एका शुक्रवारी गौतमी बँकेचं काम आहे म्हणून तालुक्याला जाऊन आली. त्यानंतर ती जरा कमी बोलू लागली, पण शालनला वाटलं, तिसरा महिना आहे, थकवा असेल. शनिवारी, रविवारी, सोमवारी तिने तिच्यापुढे दूध ठेवलं. गौतमीने ते शांतपणे प्यायलं आणि पेला धुऊन पालथा घातला.

मंगळवार उजाडला. उपकेंद्राच्या ओसरीवर नऊ बायका बसल्या होत्या. गौतमी टेबलाशी बसून नावं लिहून घेत होती. मदतीला ती नेहमीच येई. डॉक्टरीणबाई हात धुवायला गेल्या त्या बराच वेळ धूतच राहिल्या.

पहिली बाई होती पूनम मदने. तीन मुलींची आई. तिसरीच्या वेळी अंगावरून इतकं गेलं होतं की सात बाटल्या रक्त चढवावं लागलं. पुन्हा दिवस गेले तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. नवऱ्याला मुलगा हवा, म्हणून ऑपरेशनला त्याची ना. 'रक्ताची कांडी' म्हणून शालननेच तिला ती बसवून दिली होती, तिच्या हातापाया पडून.

"पूनम, तू कशाला आलीस?" शालनचा आवाज चिरका झाला. "तुझी काढायची न्हाई."

"काढा ताई. फेल जाणारच असंल तर कशाला ठेवायची? हिच्या भरवशावर ऱ्हाऊन मरायचं, त्यापरास पोरी घेऊन म्हायेरी जाते. तिथं भावजय जाच करंल, पर जीव तरी ऱ्हाईल."

"तुझी फेल जाणार न्हाई."

"तुमच्या सुनंची गेली की!"

पूनम टेबलावर आडवी झाली आणि तिने दंड वर केला. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले. त्यांनी एकदा गौतमीकडे पाहिलं, एकदा शालनकडे. मग त्या थांबल्याच, जणू त्यांना काही घाई नव्हती. पूनमने डोळे मिटले आणि तिच्या पापणीतून पाणी कानाकडे ओघळलं. कांडी काढायला ती किती घाबरली होती ते तिथे सगळ्यांना दिसत होतं.

"काढू नका," शालन म्हणाली. "कांडी चांगली हाय. सगळ्यांच्याच चांगल्या हायत. गौतमीची मी बंद केली व्हती."

ओसरीवरच्या बायका दारात गोळा झाल्या.

"तिला न सांगता. यात्रेच्या आधी बंद केली, मागनं चालू केली. नातवंडासाठी." शालनला वाटलं होतं की एकदा बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काहीच झालं नाही. आपण किती चिल्लर कारणासाठी हे केलं ते स्वतःच्याच तोंडून ऐकताना तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

गौतमी लिहीत होती. तिने नाव पुरं केलं, पेनला टोपण लावलं. "शुक्रवारी कळलं मला," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना मीच म्हटलं, मंगळवारपर्यंत थांबा. आत्या स्वतः सांगतात का ते बघायचं होतं."

चार दिवस. तीन पेले दूध.

सोबतीला आलेल्या हौसाक्काचा आवाज दारातून आला, "कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं." त्या आवाजात नेहमीची मजा नव्हती, आणि म्हणून तो जास्त लागला.

पूनम टेबलावर उठून बसली. "म्हंजी कांडी बरी हाय?" तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली. पूनमच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं, आणि येता येताच अर्ध्यात थांबलं. तिने शालनकडे बघितलं. "ताई, माझी तर बंद केली न्हाई ना कवा?"

"न्हाई गं! देवाशपथ न्हाई!"

पूनमने मान फिरवली आणि दंड डॉक्टरीणबाईंपुढे केला. "तुम्ही बघा, बाई."

मग एकेक करून नऊच्या नऊ जणी पुढे आल्या. प्रत्येकीने दंड डॉक्टरीणबाईंच्या समोर केला. यंत्र शालनच्या पिशवीत होतं. ते तिने काढून दिलं आणि नऊ वेळा 'चालू' हा शब्द ऐकला. एकीनेही तिच्या शपथेवर विश्वास ठेवला नाही. कशाच्या आधारावर ठेवायचा, असं तिने स्वतःलाच विचारलं. दुपार व्हायच्या आत घरी येऊन बायका आपापल्या चाव्या घेऊन गेल्या. कुणी भांडलं नाही, कुणी शिव्या दिल्या नाहीत. चहालाही थांबल्या नाहीत.

त्या गेल्यावर गौतमी आतून एक छापील कागद घेऊन आली आणि तिने तो सासूपुढे ठेवला.

आरोग्यसेवेबद्दल तक्रार करायची तर त्याचा एक ठरलेला अर्ज असतो. गावातल्या निम्म्या बायका आठवी-नववीत शाळा सुटलेल्या. त्यांचे अर्ज शालन लिहून देई. औषध मिळालं नाही, रुग्णवाहिका आली नाही, डॉक्टर ओरडले. तिचं अक्षर वळणदार होतं आणि तिच्या अर्जांची वर दखल घेतली जाई.

"लिहा," गौतमी म्हणाली.

"तुला येतंय की लिहायला..."

"येतंय. पण गावच्या सगळ्या बायकांचं तुम्हीच लिहून देता. मी काय वेगळी हाय?"

शालनने पेन घेतलं. "धैर्यशीलला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, आई असं करणारच न्हाई. मग फोन ठेवला त्यांनी." गौतमी समोरच्या पाटावर बसली. "उद्या मी म्हायेरी जातेय."

"आन् बाळाचं?" शालनच्या तोंडून निघून गेलं.

"ते मी ठरवलंय."

"काय?"

"ते तुम्हाला सांगणार न्हाई, आत्या." गौतमीचा आवाज चढला नाही. "कळेल तेव्हा गावाबरोबर कळेल. लिहा."

शालन लिहू लागली. अर्जदाराचं नाव : गौतमी धैर्यशील बाबर. वय : पंचवीस. तक्रार कोणाविरुद्ध : शालन बाबर, आशा, हिवरतळ. पुढे रकाना होता, अर्जदाराशी नातं असल्यास. तिथे तिने 'सासू' लिहिलं. शाई जरा पसरली.

"तक्रारीचं कारण," तिने वाचलं आणि ती थांबली.

गौतमीने अंगणाकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ते तिने पुसले नाहीत. "जास्त काही न्हाई. माझ्या अंगातली कांडी माझ्या सासूनं बंद केली, मला न विचारता. एवढंच लिहा."

"आणखी काय?"

"एवढंच."

शालनने लिहिलं. कागद सुनेपुढे सरकवून सहीची जागा दाखवली. गौतमीने कागदाला हात लावला नाही. अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली होती : लिहिणाऱ्याने अर्ज बाईला मोठ्याने वाचून दाखवावा, नंतरच सही घ्यावी. आजवर लिहिलेल्या प्रत्येक अर्जाच्या वेळी शालनने हा नियम पाळला होता.

"वाचा," गौतमी म्हणाली.

शालनने कागद डोळ्यांसमोर धरला. नाव वाचलं, वय वाचलं, गाव वाचलं. 'सासू' हा शब्द वाचला. "माझ्या अंगातली कांडी," ती म्हणाली, "माझ्या सासूनं बंद केली..." ती पदराने तोंड झाकू लागली.

"पदर काढा," गौतमी म्हणाली. "मला ऐकू आलं पाहिजे."

शालनने पदर खाली केला.

"वाचा, आत्या. पुढचे तीन शब्द राहिलेत."